हेड गॅस्केट बदलताय? आधी या चुका टाळा

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधला, गळती रोखणारा पातळ थर. गाडी गरम झाली की ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणायची सगळ्यांनाच घाई. ऑइलच्या झाकणाला आतून सायीसारखा पांढरट चिकटा दिसला म्हणून पावसाळ्यात लोक धास्तावून येतात. रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच गाडी न्याल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ तिथंच जमते. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर घरी जा. कुठंही न गळता कूलंट घटतंय, गार इंजिन चालू केल्यावर लगेच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) टणक होतोय, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नाहीत, ही खरी लक्षणं.

आता माझं डोकं फिरवणारी चूक. हेड उतरवायचं, जुनं गॅस्केट खरवडायचं, नवं टाकून आवळायचं. हेड सरळ आहे का, हे बघायचंच नाही!

एक जुनी मारुती ८०० आली होती. दुसऱ्या गॅरेजात दोनदा गॅस्केट बदललेलं, दोन्ही वेळा महिन्याभरात गेलं. मालक म्हणाले, ‘कंपनीचंच टाका, आधीचे डुप्लिकेट होते.’ हेड उलटं ठेवून स्टीलची पट्टी आडवी-तिरपी लावली, तर मधल्या सिलिंडरपाशी ०.१५ मिमीचं फीलर पातं (फट मोजायचं पातळ पातं) आरपार गेलं. चालतं ०.०५. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं, त्यावर कुठलं गॅस्केट टिकणार? हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवलं. पण ते वाकलं कशानं? रेडिएटरचा फॅन लागतच नव्हता, तो चालू करणारा थर्मोस्विच मेलेला. आधीच्या मेकॅनिकनं ‘गाडी गार राहील’ म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंट सोडणारी झडप) मात्र काढून टाकला होता. हा शॉर्टकट कुणी सांगितला तर त्याच्याकडून गाडी घेऊन निघा. दोन्ही नवे बसवले, मगच हेड चढवलं.

फेसिंगवाल्यालाही ‘घे अजून थोडं’ म्हणू नका. जास्त घासलं की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढतं आणि इंजिन नॉक करायला, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज करायला लागतं.

दुसरी खोड म्हणजे ग्राइंडरला एमरी डिस्क लावून पृष्ठभाग ‘चकाचक’ करणं. व्हिडिओ बघून आलेल्या पोरांना हे फार आवडतं. मऊ अॅल्युमिनियमला खड्डे पडतात, शिवाय डिस्कची भुकटी तेलाच्या वाटेत शिरून बेअरिंग खाते. मी प्लास्टिकची पट्टी आणि गॅस्केट रिमूव्हर वापरतो. अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल-पाणी साचलेलं असेल तर आधी हवा मारून काढा. बोल्ट आवळताना ते दबतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

ठरावीक अंशात फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात, ते नवेच घ्या. मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनंच (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्यानंच) आवळा. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांची हेडं मीच उतरवतो. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर गॅस्केटला सीलंट फासू नका. डिझेलला गॅस्केटची जाडी पिस्टन किती वर येतो त्यावर ठरते, म्हणून जुन्या गॅस्केटच्या खुणा बघितल्याशिवाय ते फेकू नका.

कूलंट भरताना हीटर फुल ठेवा, हवा निघू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी पुन्हा बघा. थोडी खाली गेलेली असतेच.