ऋतूंची रोजनिशी लिहिताय? या चुका टाळा

जून लागला की नव्या वहीत पहिलं वाक्य मातीच्या वासाचं येतं. ते खोटं नसतं, पण कुणाच्याही वहीत चालेल असं असतं. वर्षभरानं वाचलं तर त्यातून लिहिणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. ऋतूंच्या सोबतीनं स्वतःकडे बघत लिहायचं असेल, तर ऋतू वाटेवरच्या मैलाच्या दगडासारखा वापरावा: गेल्या वर्षी इथंच उभं असताना आपण कसे होतो, हे पडताळायला. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

उसने ऋतू

पानगळ आणि बर्फाचे ऋतू आपल्या वहीत शोभत नाहीत, हे सगळ्यांनाच पटतं. पण पाठ्यपुस्तकातले सहा ऋतू दोन-दोन महिन्यांच्या मापानं आखून लिहिणंही फारसं जमत नाही. कोल्हापुरातलं वर्ष वेगळ्या ठिकाणी वळतं. चैत्रातली ज्योतिबाची यात्रा, वळीव, मिरग म्हणजे मृग नक्षत्र, पंचगंगेला नवं पाणी आल्यावर आषाढात टेंबलाई देवीला जाणारे कलश आणि त्यांच्यापुढं वाजणारं पी-ढबाक वाद्य, दसरा, उसाला तुरा, ऊसतोड, गुऱ्हाळं. यातले ज्यांचा तुमच्या घराशी संबंध आहे असे सहा ते आठ टप्पे निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शेती नसेल तर गुऱ्हाळ घेऊ नका. शाळा सुरू होण्याचा दिवस किंवा पाण्याचे टँकर फिरू लागतात तो आठवडा घ्या.

पावसाळ्यासाठी नक्षत्रांइतकं सोयीचं माप दुसरं नाही. 7-8 जूनच्या सुमारास मृग, 21-22 जूनला आर्द्रा, आणि पुढं दर तेरा-चौदा दिवसांनी नवं नक्षत्र. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं होतात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत नऊ पानं. रोज लिहिणं ज्यांना झेपत नाही त्यांना हा वेग बरोबर बसतो.

तिथी आणि तारखेची गल्लत

इथं बरेच जण फसतात. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळं तो 20 ऑक्टोबरला गेला. दोन दसऱ्यांची पानं शेजारी ठेवली तर अठरा दिवसांचा फरक पडतो. एका पानावर परतीचा पाऊस असेल, दुसऱ्यावर हवा कोरडी झालेली असेल. मग "यंदा पाऊस लवकर संपला" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

उपाय सोपा आहे: प्रत्येक पानावर तारीख आणि तिथी दोन्ही लिहा. हवा, पाणी, पीक, तब्येत यांची तुलना तारखेनं करा. घरातली माणसं, नाती, कोण आलं आणि कोण आलं नाही, याची तुलना सणानं करा. तारखेला बांधलेली खूण हवी असेल तर अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवस, आहे: 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. तो सूर्याच्या स्थितीवर ठरतो, त्यामुळं अधिक महिन्यानं हलत नाही.

भावनेचं नाव लिहून थांबणं

"पुराच्या बातम्यांनी मन उदास झालं." या वाक्यातून पुढं काहीच निघत नाही. हे बघा: "राजाराम बंधाऱ्याजवळ 41 फूट. आईला न विचारता गाद्या माळ्यावर टाकल्या. ती दिवसभर बोलली नाही." तिथं पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे माहीत असलेल्या वाचकाला त्या दिवसाचा ताण लगेच समजतो. आणि आईला का विचारलं नाही, हा खरा प्रश्न आपोआप समोर येतो. चिंतन तिथून सुरू होतं.

एका बैठकीला पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. पहिली पाच मिनिटं फक्त पाहिलेलं लिहा, विशेषणं टाळून. पुढची दहा मिनिटं स्वतः काय केलं आणि काय टाळलं ते. शेवटी पुढच्या वर्षीच्या स्वतःला एक प्रश्न. उत्तर लिहू नका.

तेच ते उगाळणं

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगावर लिहायला सांगितलं होतं. लिहिल्या लिहिल्या अनेकांना जास्तच वाईट वाटलं, फायदा पुढच्या महिन्यांत दिसला. त्यामुळं लिहून झाल्यावर जड वाटलं म्हणून पान फाडू नका. मात्र तीच तक्रार त्याच शब्दांत तिसऱ्यांदा आली, तर पद्धत बदला. "माझ्याच बाबतीत असं का" ऐवजी "नेमकं काय घडलं, कोण काय बोललं" हे लिहा, किंवा स्वतःबद्दल "ती" नाहीतर "तो" म्हणून लिहा.

2019 किंवा 2021 च्या पुरासारखा घाव ताजा असताना खोल लिहायला बसूच नये. पाणी किती वाजता शिरलं, भिंतीवर कुठवर आलं, काय वाचवता आलं, एवढंच नोंदवा. लिहिताना अंग थरथरलं, झोप उडाली तर थांबा. ते तसंच चालू राहिलं तर डॉक्टरांशी बोला.

वयाला ऋतूचं लेबल

बालपण वसंत आणि म्हातारपण शिशिर, ही मांडणी लेखनाची फार हानी करते. बासष्टाव्या वर्षी कुणी पहिल्यांदा पोहायला शिकतं आणि पंचविशीतलं पोर वडिलांचं डायलिसिस सांभाळत असतं. वय बाजूला ठेवा, भूमिका लिहा: मुलगी, आई, सासू, कामावरची वरिष्ठ. दर टप्प्याला प्रत्येक भूमिकेच्या दोन ओळी. एकाच वर्षात एक भूमिका सुरू होत असते आणि दुसरी संपत असते, हे या ओळींतच दिसतं. घरात मृत्यू झाला असेल तर पहिल्या वर्षी सणांच्या पानांवर त्यातून काय शिकलो ते मागू नका. कोणता पदार्थ केला नाही, कुणाचं ताट मांडलं गेलं, एवढं पुरे.

परत न वाचणं

सगळ्यात मोठी चूक ही. न वाचलेली वही म्हणजे नुसती साठवण. टप्पा आला की आधी यंदाचं पान लिहा, मगच गेल्या वर्षीचं उघडा. उलटं केलं तर जुन्या शब्दांची नक्कल होते. लिहिताना पानाचा उजवा एक तृतीयांश भाग कोरा सोडा. परत वाचताना तिथं वेगळ्या रंगात, तारीख घालून शेरा लिहा. जुना मजकूर खोडू नका, कितीही बालिश वाटला तरी.

खाडा पडला तर मागच्या तारखा घालून पानं भरू नका. आज आठवणारा जुलै हा आजच्या मनानं रंगवलेला असतो. "इथं खाडा" एवढं लिहून आजपासून पुढं चला.

वहीची हेळसांड

इथला पावसाळा कागदाला सोसत नाही. शाईपेनाची नेहमीची शाई पाण्यात विरघळते, तेलकट शाईचं बॉलपेन टिकतं. पिनांची वही गंजते, म्हणून दोऱ्यानं शिवलेली घ्या. लोखंडी कपाटात भिंतीला चिकटवून ठेवू नका. पूररेषेत घर असेल तर वह्या माळ्यावर, झिपच्या प्लास्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.

वही भिजलीच तर चिकटलेली पानं ओढू नका आणि उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, दर काही पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून वाळवा आणि कागद ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्राची शाई पानाला लागते, ते वापरू नका. ओल्या कागदावर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळणार नसेल तर वही पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवड मिळाली की थोडी थोडी वाळवा.