घरातलं पोस्ट: सरकारी रोकड आणि घरखर्च वेगळा कसा ठेवावा

खेड्यातल्या शाखा डाकघरासाठी जागा द्यायची ती ब्रँच पोस्टमास्तरनेच. त्यामुळे पोस्ट भरतं ते बहुतेकदा घराच्या पडवीत किंवा ओसरीलगतच्या खोलीत. काम दिवसाला 4 ते 5 तासांचं, मूळ भत्ता जुलै 2018 पासून दरमहा 12,000 किंवा 14,500 रुपये, त्यावर महागाई भत्ता. बाकी संसार शेतीवर नाहीतर दुकानावर. पेरणीच्या दिवसांत घरात पैसा नसतो आणि पोस्टाच्या पेटीत असतो. सगळ्यात जपायचं ते इथे. संध्याकाळी काढून सकाळी परत ठेवलेले 500 रुपयेसुद्धा अफरातफरच ठरतात. अचानक तपासणी झाली तर पुट ऑफ ड्युटी (चौकशी संपेपर्यंत कामावरून दूर ठेवणं), वसुली आणि चौकशी, तिन्ही मागे लागतात.

खोलीला रस्त्याकडून दार हवं. पोस्टात येणाऱ्याला स्वयंपाकघरातून जावं लागत असेल तर घरच्यांनाही त्रास आणि कागदांनाही धोका. रोकड पेटीची किल्ली घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नको. पेटीत घरचे दागिने, पावत्या, पाहुण्यांचे पैसे काही ठेवू नका, कारण मोजणीत पेटीतली प्रत्येक नोट सरकारी धरली जाते. पावसाळ्यात, कोकणात तर हमखास, तिकिटं एकमेकांना चिकटतात. तिकिटांच्या पत्रकांमध्ये बटर पेपर घाला आणि पेटी भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवा.

घरच्यांशी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलून घ्या. पोस्टमास्तर बटवड्यावर गेलेला असताना म्हातारी शेजारीण येते, “एवढे आरडीचे घे, मास्तर आला की दे” म्हणते आणि बायको भिडेपोटी पैसे घेते. गावात नाही म्हणणं जड जातं हे खरं, पण नोंद आणि पावती नसलेला तो पैसा पुढे वादाचं मूळ होतो. घरच्यांनी एकच उत्तर द्यावं: “पोस्टाच्या वेळेत या, पावती मिळेल.” दारावर वेळेची पाटी असली की हे सांगणं सोपं जातं. पोस्टाचे व्यवहार ज्यावर होतात त्या मशीनचा पासवर्ड मुलालाही सांगायचा नाही, तो कितीही हुशार असला तरी.

पासबुकाचंही तसंच. “तुझ्याकडेच राहू दे” म्हणून लोक विश्वासाने ठेवून जातात. ते घेऊ नका. व्याजाच्या नोंदीसाठी अकाउंट ऑफिसला (शाखेचा हिशेब जिथे जातो त्या वरच्या पोस्टाला) पाठवायचं असेल तरच घ्या आणि पावती द्या. मशीनच्या पावतीच्या थर्मल कागदावरची छपाई उन्हात, चुलीजवळ उडते, म्हणून पासबुकात नोंद आणि तारखेचा शिक्का हवाच.

संध्याकाळी अकाउंट ऑफिसला जाणारी बॅग बंद करण्याआधी नोटा मूल्यवार मोजा आणि डेली अकाउंटशी, म्हणजे त्या दिवसाच्या हिशेबाशी, ताडून पाहा. फरक आला तर आधी पुन्हा मोजा, मग फरकाचा आकडा बघा. फरकाला 2 ने भागून येणारी रक्कम त्या दिवशीच्या व्यवहारांत शोधा: 1,000 रुपये दिले आणि चुकून जमा दाखवले, तर तूट 2,000 ची दिसते. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर अंक उलटे पडले असण्याची शक्यता मोठी. 450 ऐवजी 540 लिहिले की फरक 90 चा. रेंज गेल्यामुळे अडकलेला व्यवहारही तपासा. स्क्रीनवर काहीच आलं नाही म्हणून लगेच दुसऱ्यांदा अंगठा घेऊ नका. आधी खात्यातली शिल्लक बघा, नाहीतर पैसे दोनदा वळते होतात. एवढं करूनही तूट राहिली तर ती त्याच दिवशी लेखी कळवून भरा. गुपचूप भरलेली तूट पुढच्या फरकाचा माग पुसून टाकते.

शाखेत ठेवायला ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोकड बॅगेतून परत पाठवायची. उद्या कुणाला मोठी रक्कम द्यायची म्हणून ती ठेवली असेल, तर तसं कारण त्याच दिवशी कागदावर यायला हवं. लग्नसराईत आणि आजारपणात ही नोंद राहून जाते.

रजेवर जाताना रोकड, तिकिटं, शिक्के, मशीन आणि हातातले पासबुक यांची यादी दोन प्रतींत करा, काम घेणाऱ्यासमोर मोजा आणि दोघांच्याही सह्या घ्या, मग तो सख्खा भाऊ का असेना.