कवटीच्या व्हायवाची तयारी

पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्राच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, माझ्यासमोर कवटी उलटी करून ठेवली गेली, परीक्षकांनी माझ्या उजव्या हाताकडच्या एका छिद्रावर काडी टेकवली आणि मी ताबडतोब सांगितले, ‘उजवे फोरामेन ओव्हेल’. छिद्राचे नाव बरोबर होते, परंतु बाजू डावी होती, आणि त्यानंतरची माझी सगळी उत्तरे त्याच चुकीच्या बाजूने वाहत गेली. म्हणून बाकी काही विसरले तरी चालेल, पण कवटी हातात आल्यावर बोलण्याआधी ती नीट धरावी. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत आणावी. फ्रांकफुर्ट येथे मानववंशशास्त्रज्ञांनी हीच पातळी प्रमाण मानली, म्हणून तिला फ्रांकफुर्ट पातळी म्हणतात. ती साधल्यावर चेहऱ्याची बाजू कोणती आणि उजवे कोणते, हे मनात म्हणावे, आणि मगच तोंड उघडावे.

माझी फसगत कशी झाली, तेही सांगतो, कारण ती सर्वांचीच होऊ शकते. वरची टोपी काढलेल्या कवटीत आपण वरून डोकावतो, तेव्हा चेहरा आपल्यापासून दूर असेल तर कवटीचे उजवे आपल्या उजव्या हाताला येते. तीच कवटी दात दूरच ठेवून उलटी केली की तिचे उजवे आपल्या डाव्या हाताला जाते. मी महिनाभर फक्त आतून अभ्यास केला होता. कवटी रोज दहा वेळा उलटीसुलटी करून प्रत्येक वेळी बाजू मोठ्याने म्हणावी; हा सराव कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही.

एप्रन आणि ओळखपत्राविषयी लिहीत नाही. जर्नलवरच्या (प्रात्यक्षिकाच्या वहीवरच्या) सह्या मात्र आठवडाभर आधी पाहाव्यात. सीनिअरकडून बोन सेट उसना घेताना स्टायलॉइड प्रोसेस (कानाखालचा हाडाचा काटा) शाबूत आहे का, ते तपासावे; तो काडीसारखा बारीक असतो आणि बहुधा तुटलेला मिळतो, परंतु चेहऱ्याचे स्नायू हलवणारी फेशियल नर्व्ह ज्यातून बाहेर पडते ते स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन त्याच्या आणि मॅस्टॉइडच्या (कानामागच्या उंचवट्याच्या) मध्येच शोधावे लागते. छिद्रांतून घालून पाहण्यासाठी खराट्याची काडी पुरते. खोबणीत बोटे अडकवून कवटी उचलू नये, तिथली हाडे कागदासारखी पातळ असतात.

हाडांची संख्या सर्वांना पाठ असते: एकूण २२, त्यांपैकी ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची. वेळ द्यावा तो नर्व्हना. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हची पहिली शाखा सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून (डोळ्याच्या खोबणीतल्या फटीतून), दुसरी फोरामेन रोटंडममधून आणि तिसरी फोरामेन ओव्हेलमधून जाते. यांतले रोटंडम कवटी उलटी करून दिसत नाही, ते आतूनच पाहावे लागते, आणि आत डोकावताच बाजू पुन्हा बदलते, हे विसरू नये. चेहऱ्याच्या त्वचेची संवेदना ट्रायजेमिनलची, मात्र जबड्याच्या कोनावरची त्वचा मानेतून येणाऱ्या ग्रेट ऑरिक्युलरची. हा प्रश्न हमखास येतो. फेशियल नर्व्ह पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीच्या आतून जाऊन तिथेच पाच शाखांत विभागते, तरी त्या ग्रंथीला स्वतः काहीच देत नाही. गालावर पंजा पसरून या पाच शाखा मी ठाण्याहून नेरूळला जाणाऱ्या लोकलमध्ये म्हणत असे, तेव्हा घणसोलीला उतरणाऱ्या एका काकांनी ‘काय रे, दाढ दुखतेय का?’ असे विचारले होते. पद्धत चांगली आहे, फक्त ज्या गालावर हात आहे त्याची बाजूही म्हणावी.

स्नायूंत दोन सापळे आहेत. गालाचा स्नायू बक्सिनेटर फेशियलवर चालतो, तर ट्रायजेमिनलची बक्कल (गालाची) शाखा केवळ संवेदनेची आहे. नावसाधर्म्यावर जाऊ नये. डोळा मिटणे फेशियलचे काम आहे, पण वरची पापणी उचलणारा मुख्य स्नायू ऑक्युलोमोटर या डोळा फिरवणाऱ्या नर्व्हचा आहे. चावण्याच्या चार स्नायूंपैकी तोंड उघडण्यास मदत करतो तो लॅटरल टेरिगॉइड.

बेल्स पाल्सीत, म्हणजे फेशियल नर्व्हच्या लकव्यात, कपाळासह अर्धा चेहरा लुळा पडतो. दोष वर मेंदूत असेल तर कपाळाला आठ्या घालता येतात. टेरिऑन (कानशिलावरचा हाडांचा सांधा) आणि त्याखालची मिडल मेनिंजियल धमनी पाहून ठेवावी. फॉन्टॅनेल (बाळाची टाळू), सायनस, दात एकदा वाचावेत.

परीक्षेच्या दिवशी एक लोकल आधीची धरावी. काही वाचू नये. टेबलावर कवटी येईल आणि परीक्षक लगेच काडी टेकवतील, तरी घाई करू नये. आधी पातळी, मग चेहरा, मग उजवे.