अर्जाआधी संस्थेचे नाव ताडून पाहा

विशेष शाळांचे मुख्याध्यापक आणि समन्वयक यांच्या प्रशिक्षणासाठी सरकारी अनुदान मागताना, आराखडा चांगला असूनही, संस्थेच्या नावातील एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडू शकतो. सोलापुरात ही शक्यता अधिक, कारण जुन्या इंग्रजी कागदांवर ‘शोलापूर’ असते.

१. न्यास नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड, बँक पासबुक आणि एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरील नोंद शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग ताडून पाहावे.
२. तफावत आढळल्यास आधी पॅन दुरुस्त करावे, कारण दर्पणवर त्याचीच पडताळणी होते.
३. प्रशिक्षकांच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडील (विशेष शिक्षक व पुनर्वसन व्यावसायिकांची नोंदणी ठेवणारी केंद्रीय संस्था) नोंदणीची मुदतही पाहून घ्यावी.

अर्जाची मुदत सुरू झाल्यावर मात्र पॅनदुरुस्तीच्या भरवशावर राहू नये.