मालिकेविषयी इंग्रजीत बोलताना
मालिका नीट समजते, पण तिच्याविषयी इंग्रजीत बोलताना ‘गुड’ आणि ‘नाइस’ यांपलीकडे शब्द सुचत नाहीत. त्यासाठी भाग संपताच खालील शब्द वापरून, प्रत्येक विषयावर एक, अशी तीन वाक्ये मोठ्याने बोलावीत.

१. कथेविषयी: प्लॉट (कथानक), ट्विस्ट (अनपेक्षित वळण), क्लिफहँगर (उत्कंठेच्या क्षणी थांबणारा शेवट).
२. प्रसारणाविषयी: फिनाले (अंतिम भाग), रीरन (पुनःप्रसारण).
३. प्रेक्षकांविषयी, आणि येथे अधिक वेळ द्यावा: एका प्रेक्षकाला ‘व्ह्यूअर’, समूहाला ‘ऑडियन्स’ म्हणावे; ‘रेटिंग’ म्हणजे टीव्ही असलेल्या सर्व घरांपैकी, तर ‘शेअर’ म्हणजे त्या वेळी टीव्ही सुरू असलेल्या घरांपैकी किती टक्के घरांनी कार्यक्रम पाहिला.

एक सावधगिरी बाळगावी: अमेरिकी इंग्रजीतील ‘सीझन’ला (मालिकेच्या एका पर्वाला) ब्रिटिश इंग्रजीत बहुधा ‘सीरीज’ म्हणतात, तर अमेरिकेत ‘सीरीज’ म्हणजे संपूर्ण मालिका.