कोंबडीच्या भ्रूणात पोटाच्या थरांची अदलाबदल कशी करायची

पक्ष्याला पोटं दोन असतात. पुढचं प्रोव्हेंट्रिक्युलस, ज्यात पाचकरस सोडणाऱ्या ग्रंथी असतात, आणि मागचं गिझार्ड, जाड स्नायूंचं, दाणे दळणारं. ग्रंथी फक्त पुढच्यातच का होतात हे बघायचं तर आतलं एपिथेलियम (पोटाचं अस्तर बनवणारा पेशींचा थर) आणि बाहेरचं मेसेन्काइम (त्याला वेढणारा सैल पेशींचा थर) सुटं करायचं आणि उलटसुलट जोडून बघायचं.

अंडी 38 अंशाला ठेवा आणि सहाव्या दिवशी भ्रूण काढा, कारण साधारण याच सुमाराला ग्रंथी बनायला लागतात. पण नुसते दिवस मोजू नका, हॅमबर्गर-हॅमिल्टनच्या स्टेजशी (भ्रूणाच्या दिसण्यावरून वाढ ठरवणाऱ्या टप्प्यांच्या तक्त्याशी) ताडून घ्या, एकाच ट्रेमधली अंडीसुद्धा मागेपुढे असतात. टायरोड सोल्युशनमध्ये (पेशी जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) पोट कापून घ्या, दोन्ही भागांच्या मधला पट्टा सरळ टाकून द्या, तिथे काय कुठलं ते कळत नाही. मग कोलॅजिनेजमध्ये (थरांना धरून ठेवणारं कोलॅजन विरघळवणाऱ्या एन्झाइममध्ये) ठेवायचं आणि बारीक चिमट्याने मेसेन्काइम मोज्यासारखं उलटून काढायचं. घाई इथेच नडते, एपिथेलियमला मेसेन्काइमच्या चार पेशी जरी चिकटून राहिल्या तरी पुढचा रिझल्ट बेभरवशाचा. यावर उपाय म्हणजे एक थर लाव्हा पक्ष्याच्या भ्रूणाचा घ्या, त्याच्या पेशींच्या केंद्रकात क्रोमॅटिनचा (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचा) मोठा ठिपका दिसतो, म्हणून कुठली पेशी कुठल्या थरातली ते ओळखता येतं, ही युक्ती फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल दुआराँची, 1969 ची.

जोडताना एपिथेलियमची खालची बाजू मेसेन्काइमलाच टेकली पाहिजे. मग तो तुकडा कल्चरमध्ये किंवा दुसऱ्या अंड्याच्या कोरिओअॅलॅन्टॉइक पडद्यावर (कवचाच्या आतल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावर) वाढवा. कंट्रोल म्हणून दोन्ही पोटांचे स्वतःचेच थर सुटे करून परत जोडलेले तुकडे हवेतच, त्याशिवाय बाकीच्या तुकड्यांना अर्थ नाही.

गिझार्डच्या एपिथेलियमला प्रोव्हेंट्रिक्युलसचं मेसेन्काइम मिळालं की त्यात ग्रंथी येतात आणि पेप्सिनोजेनही (पेप्सिन या पाचक एन्झाइमचं आधीचं रूप) बनतं, उलट केलं की दोन्ही दबतं. म्हणजे हुकूम बाहेरून येतो. पण लहान आतड्याचं एपिथेलियम लावून बघाच, पेप्सिनोजेन काही येत नाही, म्हणजे ऐकणाऱ्याचीही तयारी लागते, आणि मला तरी हाच भाग जास्त भारी वाटतो.

पुढे रेणूंपर्यंत जायचं असेल तर बीएमपीपासून (पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांपासून) सुरू करा, प्रोव्हेंट्रिक्युलसच्या मेसेन्काइममध्ये बीएमपी-2 असतं आणि नॉगिन या बीएमपी रोखणाऱ्या प्रथिनाने ते अडवलं की ग्रंथी होत नाहीत.