वीजवापराची आकडेवारी ब्लॉकचेनच्या आधारे सामायिक कशी करावी?

वितरण कंपनी, छतावर सौर पॅनेल बसवलेले ग्राहक आणि ग्रिडचा समतोल सांभाळणारी यंत्रणा या सर्वांना मीटरची तीच आकडेवारी लागते, परंतु ती कोणा एकाच्याच ताब्यात असणे इतरांना मान्य नसते, तेव्हा ब्लॉकचेनचा, म्हणजे सर्व सदस्यांकडे एकसारख्या राहणाऱ्या आणि मागाहून गुपचूप बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीचा, विचार करावा. सर्वांचा विश्वास असलेली एखादी संस्था आधीपासून असेल, तर साधा सामायिक डेटाबेस स्वस्त आणि वेगवान ठरतो. मग या खटाटोपात पडू नये.

साखळीवर प्रत्यक्ष रीडिंग ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दर १५ मिनिटांनी नोंद घेणारा एक मीटर वर्षाला ३५,०४० नोंदी करतो, आणि त्या नोंदींवरून घर केव्हा रिकामे असते हेही कळते. साखळीवरची नोंद पुसता येत नाही, तर युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा काही परिस्थितींत आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीला देतो. म्हणून रीडिंग कूटबद्ध करून (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) साखळीबाहेरच्या साठ्यात ठेवावे, प्रत्येक नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, काढून दिवसभराच्या ९६ नोंदी मर्कल ट्रीमध्ये (हॅश जोडीजोडीने एकत्र करत शेवटी एकच हॅश उरवणाऱ्या रचनेत) गुंफाव्यात आणि तिच्या मुळाशी येणारा हॅश तेवढा साखळीवर लिहावा. एसएचए-२५६ ही हॅश काढण्याची पद्धत वापरल्यास तो अवघा ३२ बाइटचा असतो. मात्र रीडिंगचे संभाव्य आकडे मोजकेच असल्याने नुसत्या हॅशवरून मूळ आकडा एकेक करून ताडून पाहता येतो. त्यासाठी हॅश काढण्यापूर्वी प्रत्येक नोंदीला एक लांबलचक यादृच्छिक संख्या जोडावी आणि ती गुप्त ठेवावी.

कोणाला, कोणती माहिती, किती काळ पाहता येईल, हे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या नियमांच्या प्रोग्रॅममध्ये, नोंदवावे. परवानगी मागे घेतली तरी आधी उतरवून घेतलेली प्रत परत मिळत नाही. पुढची आकडेवारी नव्या किल्लीने कूटबद्ध करणे एवढेच आपल्या हाती असते, आणि हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे.

जाळे निवडताना सदस्य ओळखीचे असतील, तर हायपरलेजर फॅब्रिकसारखी परवानगी-आधारित (फक्त मान्य सदस्यांना प्रवेश देणारी) रचना पुरेशी होते. प्रूफ ऑफ वर्कवर, म्हणजे नोंदी जोडण्यासाठी संगणकांना अवजड गणिते सोडवायला लावणाऱ्या पद्धतीवर, चालणारी साखळी टाळावी, कारण विजेचा हिशेब ठेवण्यासाठी एवढी वीज जाळणे विचित्रच. इथेरियम या प्रसिद्ध ब्लॉकचेननेही २०२२ मध्ये ती पद्धत सोडली.

नोंद लिहिल्यानंतर बदलली का, एवढेच ब्लॉकचेन सांगते. मीटरने मुळात खरा आकडा दिला का, हे तिला कळत नाही. त्यामुळे रीडिंगवरची डिजिटल स्वाक्षरी मीटरमधल्या सुरक्षित चिपमध्येच व्हावी आणि घड्याळे जुळलेली असावीत. चुकीची दुरुस्ती करताना जुनी नोंद तशीच ठेवून तिचा संदर्भ देणारी नवी नोंद करावी.

सुरुवात मोजक्या मीटरांवर करावी. साठ्यातले एक रीडिंग मुद्दाम बदलून पाहावे, आणि पडताळणीत ते पकडले गेल्याशिवाय दुसऱ्या संस्थेला जोडून घेऊ नये.